सतरा नंबरचे ठोके

सुप्रीताचा फोन आला तेव्हा प्रेमाक्का अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दुपारचे पावणेएक झाले होते. समोर त्यांचे यजमान शरच्चंद्र हळबे वर्तमानपत्र पसरून त्यावर सालांचा ढीग रचत होते.

"अक्का, सतरा नंबर गप्प आहे," सुप्रीता म्हणाली. "सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शेवटची जागा आली. तेव्हा ती होसूर रोडवरून दक्षिणेकडे उडत होती. त्यानंतर काही नाही."

"दर अर्ध्या तासाला येते ना?"

"हो. पाच वेळा चुकली."

प्रेमाक्कांनी हातातली शेंग तशीच ताटलीत टाकली. "तू निघ. तोवर मी गच्चीवर जाऊन बघते."

सतरा नंबर म्हणजे एक मादी गरुड. स्टेप गरुड या जातीची. उन्हाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ माळांवर घरटं करायचं आणि थंडीत हजारो किलोमीटर उडून खाली भारताकडे यायचं, हा त्यांचा पिढीजात क्रम. जगात हे गरुड झपाट्यानं कमी होत चाललेत, आणि त्यांच्या मरणाचं एक मोठं कारण म्हणजे विजेचे खांब. दोन वर्षांपूर्वी सुप्रीताच्या पक्षी-अभ्यासाच्या संस्थेनं तुमकूरकडच्या माळावर हिला पकडलं, पाठीवर पट्ट्यांनी दोन छोटी यंत्रं बसवली आणि सोडून दिलं. एक यंत्र उपग्रहांवरून आपली जागा ओळखून ती मोबाइलच्या जाळ्यातून कळवायचं. दुसरं अगदी साधं, रेडिओचं. त्याचं काम एकच: ठोके देत राहायचं. पक्षी हालचाल करत असेल तर सेकंदाला एक ठोका. सलग दोन तास तो हलला नाही तर ठोके दुप्पट वेगानं पडायला लागायचे. त्या वेगाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता; त्यामुळे तो कुणी तोंडानं बोलत नसे.

प्रेमाक्का पायात चपला सरकवत होत्या तेवढ्यात शरच्चंद्रांनी विचारलं, "कानाचं सांगितलंस का तिला?"

"आता ही वेळ आहे का?"

"मग कधी येणार वेळ?"

प्रेमाक्का रिसीव्हर आणि अँटेना उचलून जिना चढून गेल्या.

ऑक्टोबरात त्यांनी कान तपासून घेतले होते. डावा कान बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांपुरता जवळजवळ गेलेला आणि उजवा त्याच वाटेवर. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं. तो कागद कपाटातल्या खणात घड्या पडून राहिला होता.

प्रेमाक्का मूळच्या निपाणीच्या. १९८० साली, विसाव्या वर्षी, आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन बेंगळुरात आल्या आणि एका सरकारी कारखान्यात रेडिओ संच तपासायच्या विभागात लागल्या. सदतीस वर्षं तिथे काढली. संच नापास का झाला, हे त्या मीटर बघायच्या आधी नुसतं ऐकून सांगायच्या. साहेबलोक आधी हसले, मग अडलेला संच घेऊन त्यांच्याच टेबलाशी यायला लागले. पुढे त्यांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि तशा लोकांच्या क्लबात जायला लागल्या. त्या मंडळींचा एक खेळ असतो. एकानं छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवायचा आणि बाकीच्यांनी अँटेना घेऊन तो हुडकायचा. एके वर्षी लपवणाऱ्यानं तो चक्क एका शहाळेवाल्याच्या हातगाडीत ठेवला, आणि गाडीवाला आपला गल्लोगल्ली फिरतोय. अकरा पुरुष घामाघूम होऊन झुडपं धुंडाळत बसले आणि साडीचा पदर खोचलेल्या प्रेमाक्का त्या शहाळेवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून क्लबात त्यांच्या कानाची गोष्ट सांगितली जायची. चाळीस वर्षं ज्या कानावर नाव कमावलं तो गेला, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

सुप्रीता तीन वर्षांपूर्वी त्या क्लबात आली ती एक अडचण घेऊन. माळावर पक्ष्याचा सिग्नल सरळ सापडतो, पण शहराजवळ आला की तो एकाच वेळी चारी बाजूंनी का येतो? प्रेमाक्का म्हणाल्या होत्या, "शहर आरशांनी भरलेलं असतं गं. पत्रे, काचा, लोखंड. तुम्ही आरशातल्याला धरायला धावता." त्या दिवसापासून सुप्रीताच्या पथकाला त्या अँटेना धरायला शिकवत होत्या. दोघी कन्नडमध्येच बोलत. प्रेमाक्कांची कन्नड निपाणीची, सुप्रीताची म्हैसूरची. एकमेकींच्या शब्दांना हसत त्यांची चांगली गट्टी जमली होती.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्यांच्या इमारतीला सात मजले होते. गच्चीच्या मधोमध उभं राहून प्रेमाक्कांनी हेडफोन चढवले, हातातली तीन आडव्या काड्यांची अँटेना पुढे धरली आणि सावकाश एक पूर्ण फेरी घेतली. कानात नुसती खरखर. दुसरी फेरी घेतली. उजव्या कानावरचा हेडफोन तळव्यानं दाबून धरला. श्वास रोखला. काही नाही.

दीड वाजता सुप्रीता जीप घेऊन आली. एकटीच. पथकातले बाकीचे लोक तुमकूरला गेले होते.

"इकडे नाही," प्रेमाक्का जीपमध्ये बसत म्हणाल्या. "होसूर रोडवर पुढे, बोम्मसंद्र्याकडे असती तर इतक्या उंचावर आवाज आलाच असता. ती पश्चिमेला वळली असणार. बन्नेरघट्ट्याकडे चल."

सुप्रीतानं काही न विचारता गाडी वळवली.

बन्नेरघट्ट्याच्या अलीकडे एका टेकडीवर देऊळ आहे. तिथवर पोचायला अडीच वाजले. प्रेमाक्का पायऱ्या चढल्या, पुन्हा फेरी घेतली, पुन्हा खरखर. घामानं हेडफोन निसटत होते. सहा-सव्वासहाला सूर्य मावळणार. पक्षी जखमी होऊन जमिनीवर पडला असेल तर अंधार झाल्यावर कुत्री त्याला ठेवणार नाहीत.

"केबल सैल झाली असेल का?" सुप्रीता म्हणाली. "बघू."

तिनं हेडफोन स्वतःच्या कानांना लावले आणि केबल हलवून पाहिली. मग तिनं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले.

"अक्का."

"काय?"

"आहे. बारीक आहे, पण आहे. मागे, पूर्वेला. आपण आलो त्या बाजूला." तिचा आवाज खाली गेला. "आणि वेगानं पडतायत."

प्रेमाक्कांनी हेडफोन घेतले. खरखर. नुसती खरखर. सुप्रीता त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या नजरेपुढे खोटं बोलणं शक्य नव्हतं.

"मला ऐकू येत नाहीये," प्रेमाक्का म्हणाल्या. "डावा कान गेलाय. उजवाही निम्मा. गच्चीवरही आवाज आला असणार. मलाच कळला नाही."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं."

सुप्रीता भराभर पायऱ्या उतरायला लागली. प्रेमाक्का गुडघा सांभाळत मागून उतरल्या. जीप सुरू झाली, मोठ्या रस्त्याला लागली. पहिल्या सिग्नलला सुप्रीता समोर बघतच म्हणाली, "मला राग कशाचा येतोय सांगू? तुमच्यावर शंका घ्यायचीच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मी एकदा तरी हेडफोन मागायला हवा होता."

"चूक माझी आहे. तुझी कशाला?"

"दीड तास गेला, अक्का."

"गेला. तुला काय बोलायचंय ते उद्या बोल, मी ऐकून घेईन. आज तू ठोके ऐकायचे आणि मी अँटेना धरायची. तुला काय ऐकू येतं तेवढंच सांग. त्याचा अर्थ मी लावते."

होसूर रोडवर दोन ट्रक अडकले होते. वीस मिनिटं तिथेच गेली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत शिरायला चार वाजत आले.

आत शिरल्या आणि सुप्रीतानं कपाळाला हात लावला. "सगळीकडून येतोय. डावीकडून, उजवीकडून, मागूनसुद्धा. सगळीकडून जोरात."

दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडा, लोखंडी दारं, टाक्या. प्रेमाक्कांनी अँटेना उचलली. "जोरात कुठे येतो ते मला नको. आरसे सगळे जोरातच बोलतात. मी हळूहळू फिरते. कुठे बुडतो ते सांग."

"बुडतो म्हणजे?"

"जवळजवळ गायब होतो ती दिशा. आरसा जोर उसना आणू शकतो, गप्प बसणं त्याला तितकं जमत नाही."

त्या फिरल्या. "इथे," सुप्रीता म्हणाली. "इथे बुडला." प्रेमाक्कांनी नकाशाच्या कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढली. दोन गल्ल्या सोडून दुसरी रेघ. तिसऱ्या जागी रेघ भलतीकडेच गेली. सुप्रीता रडकुंडीला आली. प्रेमाक्कांनी समोर पाहिलं. तिथे नवी कोरी चकचकीत शेड उभी होती. "ही खोटी आहे," म्हणत त्यांनी ती रेघ खोडली. चौथी रेघ पहिल्या दोन्ही रेघांना येऊन मिळाली. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागच्या अंगाला.

जीप तिथे सोडून दोघी चालत निघाल्या. बाभळीची झुडपं, पडीक जमीन, प्लॅस्टिकचे ढीग. आता ठोके इतके मोठे झाले की हेडफोनमधून प्रेमाक्कांनाही ऐकू यायला लागले. भरभर, भरभर, जराही न थांबता. या वेगाची त्यांना इतकी चीड कधीच आली नव्हती.

"आता अँटेना काढून टाक," त्या म्हणाल्या. "रिसीव्हर छातीशी घट्ट धर आणि जागच्या जागी फिर. आपलं अंग आडोसा होतं. पाठीमागे पक्षी असेल तेव्हा आवाज दबेल."

सुप्रीता फिरली. चार पावलं गेली, पुन्हा फिरली. झुडपांखाली वाकून बघितलं, गटारात बघितलं. पुन्हा फिरली आणि मध्येच थांबली.

"अक्का! हळू झाला!"

"कुठे दबला?"

"दबला नाही, हळू झाला! एका सेकंदाला एक! हलली ती!"

जिवंत होती. इतक्या वेळानं ती हलली होती. पण सुप्रीताच्या चेहऱ्यावरचं हसू त्यांनी फार वेळ टिकू दिलं नाही. "ऐक. आता पुढचे दोन तास तो हळूच वाजणार. मध्ये ती मेली तरी. म्हणजे आता ठोक्यांवर विसंबता येणार नाही. लवकर फिर. कुठे दबतो?"

सुप्रीता फिरली. एकदा, दोनदा. "कुठेच नाही. सगळ्या बाजूंनी सारखाच येतोय."

"सगळ्या बाजूंनी सारखा?"

"हो."

"मग ती डोक्यावर आहे."

दोघींनी एकदमच वर पाहिलं.

त्या विजेच्या खांबाखालीच उभ्या होत्या. अकरा हजार व्होल्टची लाइन. खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीला पतंगाचा नायलॉन दोरा गुंडाळला होता, आणि त्या दोऱ्याला एका पंखानं गरुड उलटा लटकत होता. दुसरा पंख खाली सांडल्यासारखा उघडा. चोच उघडी. पाठीवरच्या यंत्राची तार वाकून तुटलेली दिसत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती फडफडली, गोल फिरली, आणि मोकळा पंख जिवंत तारेपासून वीतभर अंतरावरून गेला.

सुप्रीता कुंपणाला टेकवलेला बांबू उचलायला धावली. प्रेमाक्कांनी तिचा दंड इतक्या जोरात धरला की त्यावर बोटं उमटली. "तो ओला आहे. तू तिच्या आधी जाशील."

"मग बघत राहू का?"

"लाइन बंद करायची."

वीज कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर नुसतं संगीत वाजत राहिलं. शेजारच्या कारखान्याच्या वॉचमननं त्या भागातल्या लाइनमनचा नंबर दिला. पाच वाजून दहा मिनिटांनी तो मोटारसायकलवरून आला, मागे शिडी घेतलेला सहकारी. चाळिशीचा माणूस, नाव विश्वेश्वर. त्यानं वर बघितलं, हेल्मेट काढून डोकं खाजवलं.

"अम्मा, तारेवर पक्षी रोज मरतात. पण हा केवढा आहे!"

"ही मादी आहे, अण्णा. कझाकस्तानातून आलीये."

"मी चढायला तयार आहे. पण वरून लाइन बंद झाल्याशिवाय हात लावणार नाही. मला दोन मुली आहेत."

"तू तसा चढलास तर मीच तुला खाली ओढेन. साहेबांना फोन लाव."

त्यानं सबस्टेशनला फोन लावला. या लाइनवर अकरा कारखाने होते. तिकडच्या इंजिनिअरनं सरळ सांगितलं, सहा वाजता पाळी बदलते, तेव्हा बघू. त्याआधी एका पक्ष्यासाठी लाइन बंद होणार नाही. प्रेमाक्कांनी हात पुढे केला. विश्वेश्वरनं क्षणभर विचार करून फोन त्यांना दिला.

"नमस्कार, सर. मी सदतीस वर्षं सरकारी कारखान्यात संच तपासलेत, तुमची अडचण मला कळते," त्या म्हणाल्या. "हिचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट होतात. एक टोक लोखंडाला आणि दुसरं तारेला लागलं की तुमची लाइन तशीही जाणार. मग फॉल्ट शोधा, माणूस पाठवा, दोन तास. आत्ता तुम्ही ठरवून दहा मिनिटं बंद करा. नाहीतर किती वेळ बंद राहायचं ते ती ठरवेल."

पलीकडे कागदांचा आवाज. "पाच चाळीस," इंजिनिअर म्हणाला. "दहा मिनिटं. अकरावं नाही."

पाच चाळीसला अजून अठरा मिनिटं होती.

ती अठरा मिनिटं प्रेमाक्का पुढे कधी कुणाला नीट सांगू शकल्या नाहीत. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्या खांबाखाली त्यांना कळलं. गरुड फडफडला की चौघांचा श्वास अडायचा. थांबला की तो पुन्हा हलावा असं वाटायचं आणि हलू नये असंही वाटायचं. सुप्रीता खाली मान घालून त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं कधी त्यांचा हात धरला, दोघींनाही कळलं नाही.

पाच एक्केचाळीसला शेजारच्या कारखान्यातली घरघर बंद पडली. विश्वेश्वरचा फोन वाजला; त्यानं "सरी, सरी" असा कन्नड होकार भरत लाइन बंद झाल्याची खात्री करून घेतली, लांब दांडीनं तारा जमिनीला जोडल्या आणि तो शिडी चढला. प्रेमाक्कांनी संध्याकाळच्या गारव्यासाठी आणलेली लोकरीची शाल त्याच्या खांद्यावर टाकली होती. वर जाऊन त्यानं आधी ती शाल गरुडाच्या डोक्यावर टाकली, मग एका हातानं पाय धरायला गेला. पंजा मिटला. रबरी हातमोज्यातून नख आरपार तळहातात शिरलं. खाली त्याचं ओरडणं ऐकू आलं.

"अण्णा, सोड! खाली ये!"

"स्वल्प थांबा, अम्मा," तो दात आवळून म्हणाला. "सोडली तर पुन्हा धरता येणार नाही."

दुसऱ्या हातानं त्यानं दोरा कापायला घेतला. नायलॉनचा, काच लावलेला, बारा-पंधरा वेढे. दहा मिनिटं संपली. फोन वाजायला लागला. प्रेमाक्कांनी उचलला आणि समोरचा काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सर, तुमचा माणूस वर आहे." पलीकडून एक लांब सुस्कारा आला आणि मग, "सावकाश उतरू दे त्याला."

शालीच्या गाठोड्यात गरुड घेऊन विश्वेश्वर खाली आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत रक्त ओघळलं होतं. त्याच्या तळहातातलं नख सुप्रीतानं हलकेच बाहेर काढलं. लाइन परत सुरू झाली. जीप निघाली तेव्हा सूर्य शेडांच्या पाठीमागे गेला होता.

पक्ष्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पंख उघडून बघितला. हाड शाबूत होतं, स्नायूत दोरा खोल गेला होता. दोन तास उशीर झाला नसता तर टाके निम्मे पडले असते का, हे प्रेमाक्कांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." ते उत्तर त्यांना बरेच दिवस बोचत राहिलं. घरी गेल्यावर शरच्चंद्रांनी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. तू पण चल."

सुप्रीता आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी आली ती पथकासाठी एक नियम लिहून: यापुढे प्रत्येक जागी दोघांनी ऐकायचं, पहिला कितीही जाणता असो. "वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. प्रेमाक्कांनी कागद वाचला आणि 'दोघांनी'च्या पुढे 'वेगवेगळं' हा शब्द घातला. सुप्रीतानं दोन वर्षांच्या नोंदींतून सतरा नंबर ज्या खांबांवर बसत आली होती त्यांची यादीही काढली. एकशे चार खांब. ती यादी घेऊन दोघी वीज कंपनीत खेटे घालत राहिल्या. त्यातल्या एकोणीस खांबांच्या तारांवर आतापर्यंत प्लॅस्टिकची वेष्टणं चढली आहेत. ती बसवणाऱ्यांत विश्वेश्वरही होता.

गरुडाला मार्चच्या शेवटी, नवी यंत्रं बसवून, तुमकूरच्या माळावर सोडलं. दोन दिवस ती एका होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडावर नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उन्हं तापल्यावर वर चढली आणि उत्तरेला गेली. तिचे बाकीचे भाऊबंद कधीच निघून गेले होते. तिची जागा कळत गेली: राजस्थान, सिंध, अफगाणिस्तान. मे महिन्यात कझाकस्तानातून जागा यायला लागल्या.

विश्वेश्वर अधूनमधून प्रेमाक्कांना फोन करतो. तळहातावरची खूण गेली नाही, म्हणतो. परवाही त्याचा फोन आला होता.

"अम्मा, आपली कुठे आहे आता?"

"अकरा दिवस एकाच माळावर आहे. घरटं असेल. नसेलही."

पाठीमागे त्याच्या शिडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"तिथल्या खांबांना वेष्टणं आहेत का हो?"

ते प्रेमाक्कांना माहीत नव्हतं. सुप्रीताला विचारून सांगते, म्हणाल्या.